पोटात बाळ असताना मासे: सुरमई, बांगडा, मोरी आणि पाऱ्याचा हिशेब

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. माहेर मालवणचं, आता राहायला पुण्यात, पाचवा महिना चालू आणि घरात आठवड्यातून चार-पाच वेळा मासे. अमेरिकेतल्या नणंदेने एक यादी पाठवली, तिच्यात 'किंग मॅकेरल' आणि 'शार्क' टाळा असं आहे. तपासणाऱ्या डॉक्टरांनी घाईघाईत 'मासे बंदच ठेवा, पारा असतो' म्हणून सांगितलं. सासूबाई म्हणतात, बाळंतिणीला मोरीचं, म्हणजे शार्कचं, कालवण दिलं नाही तर दूध कसं येणार? आणि तुम्ही विचारताय की मासे पूर्ण बंद करू का, आणि गेले चार महिने जे पोटात गेलं त्याचं काय?

मी डॉक्टर नाही. रसायनशास्त्र शिकले आणि बावीस वर्षं निर्यातीच्या मासळीची तपासणी करण्यात घालवली. परदेशी जाणाऱ्या मालातला पारा, शिसं, कॅडमियम मोजणं हे माझं रोजचं काम होतं. त्यामुळे माशातल्या पाऱ्याबद्दल खात्रीने बोलू शकते. तुमच्या तब्येतीचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांनीच घ्यायचा. हे उत्तर त्यांना दाखवलंत तर उलट बरंच होईल.

मासे बंद करू नका, मासा बदला. असं का म्हणते ते आता सविस्तर सांगते, कारण कारण कळलं की यादीची गरज उरत नाही.

सगळा घोळ नावांपासून सुरू होतो. नणंदेची यादी अमेरिकेतली आहे आणि तिथल्या समुद्रासाठी केलेली आहे. तिच्यातला 'किंग मॅकेरल' हा अटलांटिक महासागरातला मासा. आपली सुरमई त्याच्या जवळच्या नात्यातली आहे, पण जात वेगळी. शिवाय आपल्याकडे सुरमई या एका नावाखाली दोन-तीन जाती विकल्या जातात. एक मोठी होणारी, माणसाच्या उंचीपेक्षाही लांब होऊ शकते अशी, आणि दुसरी ठिपक्यांची, जी जेमतेम अडीच फुटांपर्यंत जाते. आता बांगड्याला इंग्रजीत मॅकेरल म्हणतात. यादीत 'मॅकेरल' शब्द दिसला की लोक आधी बांगडा सोडतात! मी स्वतः अशा तीन-चार गरोदर बायका पाहिल्यात ज्यांनी बांगडा बंद केला आणि 'सुरमई चांगली, काटे कमी' म्हणून सुरमई चालू ठेवली. पाऱ्याच्या हिशेबाने हे नेमकं उलटं झालं. रावसाचंही तसंच. त्याला इंडियन सॅल्मन म्हणतात, पण सॅल्मनशी त्याचं काही नातं नाही, म्हणून सॅल्मनचे आकडे रावसाला लावू नका.

मग कोणता मासा कसा हे ओळखायचं कशावरून? त्यासाठी पारा माशात येतो कसा ते बघू. कोळसा जाळण्यातून, सोन्याच्या छोट्या खाणींमधून आणि कारखान्यांमधून पारा हवेत आणि पाण्यात जातो. तो जिथे गाळ आहे आणि ऑक्सिजन कमी आहे तिथे पोहोचला की तिथले जीवाणू त्याचं मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. खरा त्रासदायक हाच. तो प्लवकात, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांत जातो, प्लवक खाणाऱ्या तारलीत जातो, शंभर तारल्या खाणाऱ्या सुरमईत जातो. शरीरातून तो फार सावकाश बाहेर पडतो, त्यामुळे दर पायरीला साठा वाढत जातो. म्हणून मासा बघताना तीन गोष्टी बघायच्या: तो काय खातो, किती वर्षं जगतो आणि तुमच्या ताटात आला तेव्हा केवढा झाला होता.

बांगडा आणि तारली प्लवकावर जगतात आणि त्यांचं आयुष्यच थोड्या वर्षांचं असतं, त्यामुळे पारा साठायला वेळच मिळत नाही. मांदेली, पेडवे, कोळंबी, करंदी, जवळा, तिसऱ्या हे सगळे याच गटातले. बोंबील गंमतीदार आहे. तो स्वतः हावरट शिकारी, पण लहान आणि अल्पायुषी, म्हणून तोही चालतो. दुसऱ्या टोकाला मोठी मोरी, मोठा कुपा (ट्यूना), तलवारमासा. हे वर्षानुवर्षं दुसरे मासे खाऊन वाढलेले असतात. सुरमई, हेकरू, मोठी वाम, मोठा घोळ हे मधल्या पट्टीतले, आणि तिथे मापावर सगळं अवलंबून असतं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. तपासणीला मासा आला की आम्ही डोक्याच्या मागून, पाठीच्या कण्याच्या वरच्या बाजूचं मांस घ्यायचो. खवले आणि कातडी काढायची, मांस बारीक वाटायचं, त्यातलं अर्धा ग्रॅम तोलून जाड भांड्यात नायट्रिक आम्लासोबत बंद करून तापवायचं. भांडं उघडलं की मांसाचा मागमूस नसतो, फिकट पिवळसर नितळ पाणी उरतं. त्यात कथिलाचा क्षार घातला की पारा वाफ होऊन सुटतो, आणि ती वाफ विशिष्ट प्रकाश किती शोषते त्यावरून आकडा येतो. एका दिवशी एकाच बोटीतून आलेल्या दोन सुरमया पुष्कळदा माझ्या टेबलावर असायच्या, एक दीड किलोची आणि एक दहा किलोच्या पुढची. जात तीच, समुद्र तोच, पण मोठीचा आकडा लहानीच्या कितीतरी पट. पहिल्या वर्षी मला वाटायचं की आपलंच मोजमाप चुकलं, आणि मी नमुना पुन्हा लावायचे. पुन्हा तोच आकडा यायचा.

त्या कामातून कळलेली आणखी एक गोष्ट स्वयंपाकघरात फार उपयोगी आहे. मिथाइल पारा चरबीत नसतो, मांसातल्या प्रथिनांना घट्ट चिकटलेला असतो. म्हणून कातडी काढा, हळद-मीठ लावून रात्रभर ठेवा, कोकम घाला, तिरफळ घाला, खरपूस तळा, तो कमी होत नाही. उलट तळताना पाणी उडतं, त्यामुळे तेवढ्याच वजनात तो किंचित जास्तच भरतो. सुक्या मासळीचंही तसंच, पण वाळलेला जवळा आपण मूठभरच खातो आणि मुळात त्यात पारा फार थोडा असतो, म्हणून तिथे काळजी मिठाची जास्त. याच कारणामुळे माशाच्या तेलाच्या कॅप्सूलमध्ये पारा नगण्य असतो. पण यकृताच्या तेलात, म्हणजे कॉड लिव्हर ऑइल वगैरेंत, अ जीवनसत्त्व फार असतं आणि ते गरोदरपणात जास्त झालेलं चालत नाही. ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

आता आकडे. यादी वाचून घाबरण्यापेक्षा हिशेब करता आला तर जास्त बरं, आणि हिशेब सोपा आहे. पारा पीपीएममध्ये मोजतात. १ पीपीएम म्हणजे एका ग्रॅम माशात १ मायक्रोग्रॅम पारा. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मोजलेल्या सरासऱ्या बघा: सार्डिन (तारलीच्या कुळातला) ०.०१३, कोळंबी ०.००९, अटलांटिक मॅकेरल ०.०५, किंग मॅकेरल ०.७३, शार्क ०.९८, तलवारमासा जवळजवळ १. म्हणजे शंभर ग्रॅम सार्डिन खाल्लं तर सव्वा मायक्रोग्रॅमच्या आसपास पारा जातो आणि तेवढाच शार्क खाल्ला तर ९८. फरक पाच-दहा टक्क्यांचा नाही, सत्तर पटींहून जास्त आहे. 'मासे खाऊ नका' हा सरसकट सल्ला या फरकाकडे डोळेझाक करतो, म्हणून मला तो पटत नाही.

शरीराला किती चालतो, यावर मात्र जगात एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २००३ साली आठवड्याला, शरीराच्या दर किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम ही मर्यादा धरली. युरोपने २०१२ साली १.३ धरली. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेची मर्यादा दिवसाला ०.१, म्हणजे आठवड्याला ०.७. साठ किलोच्या बाईसाठी हे अनुक्रमे ९६, ७८ आणि ४२ मायक्रोग्रॅम होतात. अमेरिकेतली यादी जास्त कडक वाटते त्याचं एक कारण हे. या सगळ्या मर्यादांमध्ये सुरक्षिततेसाठी बरीच जागा सोडलेली असते. एका आठवड्यात थोडं वर गेलं म्हणजे इजा झाली असं नाही, पण महिनोन्‌महिने वर राहू नये.

समजा, तुमच्या घरी येणाऱ्या मोठ्या सुरमईत ०.४ पीपीएम आहे. हा आकडा उदाहरणासाठी घेतलाय. शंभर-शंभर ग्रॅमच्या दोन तुकड्या आठवड्यात खाल्ल्या की ८० मायक्रोग्रॅम झाले. अमेरिकेची मर्यादा ओलांडली, युरोपचीही किंचित ओलांडली. आता त्याऐवजी आठवड्यात चार वेळा बांगडा खा, ०.०५ धरून. चारशे ग्रॅमला २० मायक्रोग्रॅम. कडकातल्या कडक मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी. तुमच्या चार-पाच वेळच्या माशात मूळ अडचण वेळांची नाही, हे यावरून लक्षात येईल.

डॉक्टर घाबरवतात त्यामागेही कारण आहे, त्यांना दोष देऊ नका. जपानमध्ये कुमामोतो प्रांतात मिनामाता खाडीत एका रासायनिक कारखान्याचं पाऱ्याचं सांडपाणी सोडलं जात होतं. १९५६ साली तिथला आजार अधिकृतपणे नोंदला गेला. सगळ्यात भयंकर म्हणजे, ज्या आयांना स्वतःला फारसा त्रास नव्हता त्यांची बाळं मेंदूला जबर इजा घेऊन जन्माला आली. मिथाइल पारा नाळेतून पलीकडे जातो आणि बाळाच्या रक्तात आईच्या रक्तापेक्षा जास्त भरतो, हे वैद्यकशास्त्राला तिथे फार मोठी किंमत मोजून कळलं. पाऱ्यावरच्या आंतरराष्ट्रीय कराराला मिनामाताचंच नाव दिलंय. तो २०१३ साली झाला, २०१७ मध्ये लागू झाला आणि २०१८ मध्ये भारतानेही त्याला मंजुरी दिली.

पण मिनामाता म्हणजे कारखान्याचा पारा थेट खाडीत. रोजच्या माशांचं काय, यासाठी दोन बेटांवरचे अभ्यास माझ्या मते जास्त कामाचे. फॅरो बेटांवर लोक पायलट व्हेल या प्राण्याचं मांस खातात आणि त्यात पारा भरपूर असतो. तिथल्या १९८६-८७ मध्ये जन्मलेल्या मुलांना सातव्या वर्षी तपासलं तेव्हा, ज्यांना पोटात असताना जास्त पारा मिळाला त्यांची भाषा, लक्ष आणि स्मरणशक्ती थोडी मागे दिसली. हिंदी महासागरातल्या सेशेल्समध्ये बायका आपल्यासारख्याच, किंबहुना जास्तच, समुद्राचे मासे खातात. तिथल्या मुलांमध्ये तशी ठळक घसरण सापडली नाही. माशासोबत येणारी ओमेगा-३ मेदाम्लं, आयोडीन आणि प्रथिनं बाळाच्या मेंदूच्या वाढीला लागतात, हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. बाळाचा मेंदू शेवटच्या तीन महिन्यांत फार झपाट्याने वाढतो. नेमक्या त्याच काळात मासे बंद करून आईला डाळ-भातावर ठेवणं मला बरोबर वाटत नाही. अमेरिकेचं प्रशासनसुद्धा गरोदर बाईला मासे बंद करा म्हणत नाही. कमी पाऱ्याचे मासे आठवड्यातून दोन-तीन वेळा खा, असं सांगतं. नणंदेच्या यादीत तो भागही असणार, तिला खालपर्यंत वाचायला सांगा.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर ठरतील. तुमचं वजन पंचेचाळीस किलो असेल तर वरचे आकडे तीन-चतुर्थांश धरा. घरात कुणी जिमला जाणारं असेल आणि डब्यातला ट्यूना रोज येत असेल, तर तोही हिशेबात घ्या, कारण ट्यूनामध्ये जातीजातीत मोठा फरक असतो. लहान स्किपजॅकमध्ये कमी, मोठ्या डोळ्यांच्या बिगआयमध्ये जवळजवळ पाच पट. दुबई-मस्कतला राहणाऱ्यांनी हे वाचलं तर लक्षात ठेवा, तिकडचा 'कनाद' म्हणजे आपली मोठी सुरमईच आणि 'हामूर' म्हणजे हेकरूच्या कुळातला. आणि कारखान्यांच्या शेजारच्या खाडीत गळ टाकून पकडलेला मासा रोज खाऊ नका. कॉस्टिक सोड्याचे जुने कारखाने पारा वापरायचे. ती पद्धत आता बदलली, पण उल्हास नदीच्या मुखासारख्या ठिकाणी गाळात तो पारा शास्त्रज्ञांनी मोजलेला आहे. गाळ इतक्या लवकर विसरत नाही.

बाजारात काय बघायचं ते सांगते. तुकडी घेताना मधल्या हाडाकडे बघा. लहान सुरमईचा मणका करंगळीच्या नखाएवढा असतो आणि तुकडी तळहातात मावते. मोठीचा मणका रुपयाच्या नाण्याएवढा आणि तुकडी ताटलीभर. अख्खी सुरमई दीड-दोन किलोची असेल तर ती वर्ष-दोन वर्षांचीच असते, कारण हा मासा फार भराभर वाढतो. तशी महिन्यातून दोन-तीनदा खाल्लीत तर मला काही वाटणार नाही. दहा किलोच्या सुरमईची तुकडी मात्र बाळ होईपर्यंत नको. कोळणीला सरळ विचारा, 'मावशी, अख्खी केवढी होती?' ती खरं सांगते, तिला मोठ्या मापाचा अभिमानच असतो. जून-जुलैमध्ये बोटी बंद असतात तेव्हा बर्फातल्या तुकड्या येतात. तेव्हा अख्खा मासा दिसत नाही, म्हणून त्या दिवसांत तुकडीचा मासा टाळून अख्खा लहान मासाच घेतलेला बरा.

पुण्यात राहता म्हणून एक आगाऊ सूचना, जी पाऱ्याशी संबंधित नाही पण त्याहून जास्त वेळा त्रास देते. बांगडा, कुपा, सुरमई बर्फाशिवाय काही तास राहिले की त्यांत हिस्टामिन तयार होतं. चेहरा लाल होतो, पुरळ उठतं, डोकं दुखतं, उलट्या होतात. तेही शिजवून जात नाही. डोळे खोल गेलेला, कल्ले तपकिरी पडलेला बांगडा कितीही स्वस्त मिळाला तरी घरी आणू नका.

आता गेले चार महिने. बांगडा, पापलेट, बोंबील, कोळंबी असं मिश्र खाणं असेल आणि मधूनमधून सुरमई, तर मनातून काढून टाका. रोज मोठी सुरमई किंवा मोरी असेल तरी घाबरू नका, कारण रक्तातला मिथाइल पारा साधारण पन्नास दिवसांत निम्मा होतो. आज बदल केलात तर बाळंतपणापर्यंतच्या चार महिन्यांत आत्ता असलेल्यातला जेमतेम पाचवा हिस्सा उरेल. तरी चैन पडत नसेल तर डॉक्टरांना सांगून रक्तातला पारा एकदा मोजून घ्या. 'शरीरशुद्धी'चं सांगणाऱ्यांच्या नादाला मात्र लागू नका. पारा बाहेर काढण्याची औषधं गरोदरपणात स्वतःहून घेणं धोक्याचं आहे.

राहिला सासूबाईंचा प्रश्न, आणि तो मला सगळ्यात नाजूक वाटतो, कारण माझ्या आईनेही मला बाळंतपणात मोरीच दिली होती. आपल्या किनाऱ्यावर जी लहान जातीची मुशी मिळते, पूर्ण वाढूनही हातभर लांब, तिच्यात आणि खोल समुद्रातल्या मोठ्या मोरीत खूप फरक आहे. पूर्वी रापणीत (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यात) आणि लहान होड्यांना बहुतेक ती लहानच मिळायची. आज बाजारात मोरी म्हणून जे पांढरे तुकडे मिळतात ते कुठल्या मापाच्या माशाचे हे ओळखता येत नाही, आणि मोठ्या मोरीचे शंभर ग्रॅम म्हणजे आठवडाभराची सगळी मर्यादा एका घासात. म्हणून गरोदरपणात मोरी पूर्ण टाळा. बाळंतपणानंतर धोका कमी होतो, दुधातून मिथाइल पारा नाळेपेक्षा खूप कमी जातो, तरी पहिले महिने मोठी मोरी नकोच. दूध येतं ते बाळाला वारंवार पाजण्याने आणि आईच्या पोटभर खाण्या-पिण्याने. सासूबाईंना मोरी वाईट असं सांगू नका, त्यांचा जीव त्यात आहे. त्यांच्याकडे मुडदुशे या लहान माशांची कढी मागा, आलं-लसणाची फोडणी देऊन, तिखट कमी. बाळंतिणीला आणि आजारातून उठलेल्याला मुडदुशे देणं हीसुद्धा आपल्याकडची जुनीच रीत. माझ्या मुलीच्या बाळंतपणात माझ्या आईला मी तेच सुचवलं, आणि ती पुढचा महिनाभर सकाळी उठून स्वतः बाजारात जाऊन मुडदुशे निवडून आणत होती.